1600 मीटरच्या पुढे कोण शिकवणार?

पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा. पटलं नाही तर खाली भांडा, पण वाचून भांडा.

पहाटे पाचला धानोऱ्याहून गडचिरोली रोडवर कधी निघालात तर दिसेल. अंधारात मोबाईलचे टॉर्च हलत असतात. पोरं पळतात, पोरी पळतात. पायात बाजारातले दोन-तीनशेचे जोडे, डोक्याला स्कार्फ, एखादा बाप सायकल घेऊन मागे. पोलीस भरतीची तयारी. पोरांना 1600 मीटर, पोरींना 800, शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक. मैदानीचे एकूण 50 गुण. आपल्या तालुक्यात धावणे या शब्दाचा अर्थ एवढाच उरला आहे.

भरतीला माझा विरोध नाही, आधीच सांगतो. घरात एक पगार आला की काय फरक पडतो ते आपण सगळे जाणतो. पण मुरुमगावकडची एक पोरगी मला आठवते. नाव सांगत नाही, तिला आवडणार नाही. सरावात 800 मीटरला ती पोरांनाही मागे टाकायची, आणि थांबल्यावर बाकीचे गुडघ्यावर हात ठेवून धापा टाकत असताना ही गप्पा मारत उभी. भरतीत उंचीत बसली नाही. झालं, संपलं. आता ती हंगामात मिरची तोडायला तेलंगणात जाते. लांब पल्ल्याच्या धावण्याला उंची लागत नाही, हे तिला सांगणारं तेव्हा कोणी नव्हतं. मलाही कुठे माहीत होतं!

तिची आठवण आली की मला कविता राऊत आठवते. आपल्याकडच्या पोरींना हे नाव फारसं ठाऊक नाही, त्यात चूक पोरींची नाही. नाशिक जिल्ह्यात हरसूलजवळ सावरपाडा नावाचं आदिवासी गाव आहे. 1985 चा जन्म. आपल्यासारखंच गाव, चढउतार, पाण्यापासून शाळेपर्यंत सगळं पायी. पेपरवाल्यांनी पुढे तिला 'सावरपाडा एक्स्प्रेस' केलं.

2010 साली दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. 10,000 मीटर, म्हणजे 400 मीटरच्या ट्रॅकवर 25 फेऱ्या. पहिल्या दोघी केनियाच्या, तिसरी आपली कविता. 33 मिनिटं 5 सेकंद. राष्ट्रकुलमध्ये ट्रॅकवर वैयक्तिक पदक घेणारी ती पहिली भारतीय बाई. त्याआधी ट्रॅकवरचं वैयक्तिक पदक 1958 साली मिल्खा सिंगांचं. मधली 52 वर्षं कोरडी. पुढच्याच महिन्यात चीनमध्ये ग्वांगझूला आशियाई स्पर्धा. तिथे ती धावली 31 मिनिटं 51.44 सेकंदांत. महिन्याभरात सव्वा मिनिट कमी! केरळच्या प्रीजा श्रीधरनने सुवर्ण घेतलं, कविताला रौप्य, आणि दोघींमधलं अंतर एका सेकंदापेक्षाही कमी. 10 किलोमीटर धावून एक सेकंद. 2012 ला अर्जुन पुरस्कार. 2016 ला गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत मॅरेथॉनचं सुवर्ण, आणि त्याच वर्षी रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन. रिओत ती खूप मागे राहिली, तीन तासांच्या जरा आत आली. पण सावरपाड्याची पोरगी ऑलिंपिकच्या सुरुवातीच्या रेषेवर उभी होती, हे कोण पुसणार?

आता माझा मुद्दा. तिच्याबद्दल जिथे तिथे लिहिलं जातं की ती अनवाणी पळायची. भाषणात हे वाक्य आलं की टाळ्या पडतात. मला या टाळ्यांचा राग येतो. अनवाणी तर आपल्याकडे अर्धा तालुका चालतो. मोहफुलं वेचायला आपल्या बाया पहाटे किती चालतात, कोणी मोजलंय? अनवाणी पळून कोणी आशियात दुसरं येत नाही. कविताला जे मिळालं त्याचं नाव आहे विजेंद्र सिंग. भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे प्रशिक्षक, नाशिकला असायचे. त्यांनी तिला हेरलं, वर्षानुवर्षं रोज मैदानावर उभं राहून घडवलं. आज किती किलोमीटर, उद्या किती, कधी थांबायचं, काय खायचं, दुखलं तर काय करायचं. आणि ही एकटी नव्हे. मोनिका आथरे, संजीवनी जाधव याही त्यांच्याच हाताखालून आल्या. एकाच जिल्ह्यातून लांब पल्ल्याच्या इतक्या पोरी कशा निघतात? हवा-पाणी, रक्त वगैरे सांगू नका. एक माणूस एका जागी टिकून राहिला, म्हणून निघतात.

कोणी म्हणेल, जागच्या हवेचा गुण असतोच. असतो ना. नॉर्वे नावाच्या थंड देशात बर्फ फुकट, म्हणून तिथे बर्फावर स्केटिंगच्या शर्यती. यालमार आंदेर्सन नावाचा एक ट्रक ड्रायव्हर. 1952 च्या ओस्लो हिवाळी ऑलिंपिकात त्याने तीन सुवर्णपदकं घेतली. त्यातलं एक 10,000 मीटरचं, म्हणजे त्याच्याही 25 फेऱ्याच. ट्रक चालवणारा माणूस जगात पहिला आला, कारण बर्फाच्या जोडीला त्याच्या शहरात स्केटिंगचा क्लब होता, मैदान होतं. त्याच वर्षी उन्हाळ्यात हेलसिंकीला आपले खाशाबा जाधव कुस्तीत कांस्य घेऊन आले. त्यांना पाठवायला गावाने वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या त्यांच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. 70 वर्षं उलटून गेली तरी आपण प्राचार्याच्या घराच्याच भरवशावर आहोत.

आपल्याकडे काहीच होत नाही, असंही मी म्हणत नाही. पोलीस दलाच्या मॅरेथॉनला गडचिरोलीत हजारो पोरं-पोरी येतात. आश्रमशाळांच्या क्रीडा स्पर्धा दरवर्षी होतात. शेजारच्या चंद्रपूरचं तर बघा, मे 2018 मध्ये मिशन शौर्यची पोरं एव्हरेस्टवर गेली. जिवतीकडच्या, आश्रमशाळेत शिकणाऱ्या पोरांपैकी पाच जण शिखरावर पोचले. आकाशातून पडले नव्हते ते. आधी कित्येक महिने शिकवलं, दार्जिलिंगला नेलं, लडाखच्या थंडीत ठेवलं. म्हणजे शिकवलं की आपली पोरं कुठवर जातात, हे सरकारी खर्चाने सिद्ध करून झालेलं आहे. आता पुन्हा काय सिद्ध करायचं राहिलं?

अडचण अशी की मॅरेथॉन एका दिवसाची, मोहीम एका वर्षाची, आणि कोच लागतो रोजचा. स्पर्धेत टी-शर्ट मिळतो, मेडल मिळतं, फोटो निघतो. दुसऱ्या दिवशी पहिल्या आलेल्या पोरीला कोणी विचारत नाही, बाई, उद्या सकाळी कुठे पळशील? धानोऱ्यात लांब पल्ल्याचा रोज मैदानावर उभा राहणारा कोच कोणी मला दाखवावा, मी ही पोस्ट मागे घेतो. नागपूर आपल्यापासून दोनशे किलोमीटरच्या आसपास. चौदा वर्षांच्या पोरीला कोणता बाप तिकडे एकटं ठेवील?

आणि जिंकूनही काय होतं, तेही कविताच सांगते. 2024 मध्ये तिने जाहीर विचारलं की इतर खेळाडूंना राज्य सरकारात थेट अधिकारीपद मिळालं, मला का नाही, मी आदिवासी आहे म्हणून का? हा प्रश्न मला झोंबला. एवढी पदकं गळ्यात असलेल्या बाईला विचारावं लागतं, तर आमच्या पोरीच्या बापाला मी कोणत्या तोंडाने सांगू की पोरीला पळू दे? तो म्हणेलच, त्यापेक्षा भरती बरी. आणि त्याचं चूक नाही.

तरीही एक मार्ग मला दिसतो. आपला तालुका मेंढा-लेखाचा आहे. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणाऱ्या गावाने बांबूचा हक्क मिळवून दाखवला. आज बांबू आणि तेंदूचे पैसे किती तरी ग्रामसभांच्या खात्यात येतात, पेसाचा 5 टक्के अबंध निधीही येतो. रंगी, चातगाव, येरकड, मुरुमगाव, पेंढरी या पट्ट्यातल्या पाच-सात ग्रामसभांनी मिळून एक एनआयएस शिकलेला कोच तीन वर्षांसाठी धानोऱ्यात ठेवला तर? जिल्हा क्रीडा कार्यालयाने निवडून द्यावा, पैशाचा काही वाटा प्रकल्प कार्यालयाने उचलावा. आश्रमशाळेची बारा ते सोळा वयाची वीस पोरं-पोरी, त्यात पोरी निम्म्याहून जास्त. रोज दूध, अंडी, आणि वर्षाला दोन जोडे. ट्रॅक नसला तर नसू दे, मातीचं मैदान आहे.

हे मी चहाच्या टपरीवर बोललो तर एक काका म्हणाले, "अरे बापा, दवाखान्यात डॉक्टर भेटत नाही, अन् तुले पळाचं सुचते?" खरं आहे काका. डॉक्टर पाहिजेच, त्यासाठी मी तुमच्यासोबत मोर्च्यात आहे. पण डॉक्टर येईपर्यंत आजची बारा वर्षांची पोरगी वीसची होईल, आणि धावण्याचं वय डॉक्टरची वाट पाहत थांबत नाही. दुसरे एक म्हणाले, पैसे खातील. खाऊ शकतात. म्हणूनच सरकारी खात्यातून नको, ग्रामसभेच्या खात्यातून द्यावे, म्हणजे दर महिन्याला हिशेब झाडाखाली बसून मागता येईल.

26 जानेवारीच्या ग्रामसभेत मी हा विषय मांडतो आहे. अर्ज लिहून तयार आहे, साध्या कागदावर, दीड पान. आपापल्या गावात मांडायचा असेल त्यांनी इनबॉक्समध्ये सांगा, नक्कल पाठवतो, गावाचं नाव तेवढं बदला. आणि मिरचीला गेलेल्या त्या पोरीचा कोणाशी संपर्क असेल तर तिला निरोप द्या. कोच मिळेपर्यंत लहान पोरींना सकाळी पळवायला कोणीतरी लागणार आहे, आणि ते काम तिच्याइतकं चांगलं धानोऱ्यात कोणी करणार नाही.