क्यूबन सँडविच आणि परवान्याचा खंड

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत बाजारपेठेची उदाहरणे बहुधा गहू, कापूस किंवा पोलाद यांची असतात. विद्यार्थ्यांना ती पाठ होतात. पटतातच असे नाही. याउलट एखाद्या साध्या खाद्यपदार्थाचा मागोवा घेतला, तर मजुरी, स्थलांतर, सरकारचे धोरण आणि रस्त्यावरच्या जागेची किंमत या चारही गोष्टी एकाच ताटात वाढल्यासारख्या समोर येतात. अमेरिकेतील शहरांत मोटारगाडीतून विकले जाणारे 'क्यूबन सँडविच' हा असा पदार्थ आहे. २०१४ साली आलेल्या 'शेफ' या चित्रपटाने तो जगभर माहीत करून दिला. नोकरी गमावलेला एक आचारी मायामीत जुना ट्रक दुरुस्त करतो आणि क्यूबन सँडविचे विकत विकत देश ओलांडून लॉस एंजेलिसपर्यंत जातो, अशी ती कथा. कष्ट, कौशल्य आणि चार चाके एवढ्या भांडवलावर माणूस पुन्हा उभा राहू शकतो, असे तिचे सांगणे आहे. आपल्याकडील सुशिक्षित तरुणांनाही ते आवडले. 'फूड ट्रक' काढण्याच्या गोष्टी महाविद्यालयांच्या उपाहारगृहांत ऐकू येऊ लागल्या. ती गाडी उभी कोठे करायची आणि उभी करू देणारा कोण, हा मात्र त्या कथेचा विषय नाही. वस्तुतः या धंद्याचे सारे अर्थकारण त्याच एका प्रश्नाभोवती फिरते.

प्रथम पदार्थाविषयी. लांबट, पातळ पापुद्र्याचा पाव; त्यात आंबट संत्र्याच्या रसात व लसणात मुरवून भाजलेले डुकराचे मांस, हॅम, स्विस चीज, काकडीचे लोणचे आणि मोहरीची चटणी; मग हे सारे दोन तापलेल्या सपाट पत्र्यांमध्ये दाबून कुरकुरीत करायचे. यात कोणताही जिन्नस राजेशाही नाही. कामगाराने दुपारच्या सुट्टीत एका हातात धरून खावे असा हा पदार्थ, आणि त्याची वाढ झाली तीही कामगारांतच. व्हिसेंते मार्टिनेझ इबोर या कारखानदाराने १८८६ साली फ्लोरिडातील टॅम्पा शहरालगत चिरुटांचा कारखाना सुरू केला आणि त्याच्याभोवती इबोर सिटी ही वसाहत उभी राहिली. तंबाखू हवानाहून येई, वळणारे हातही बव्हंशी तेथूनच येत. हवाना, की वेस्ट आणि टॅम्पा यांच्यामध्ये आगबोटींची ये-जा असे व कामगार कामाच्या हंगामाप्रमाणे इकडून तिकडे जात. त्यांच्या शेजारी स्पॅनिश आणि सिसिलीहून आलेले इटालियन लोक राहत. टॅम्पाच्या सँडविचात सलामी असते आणि मायामीच्या सँडविचात नसते, याचे कारण हा इटालियन शेजार असे सांगितले जाते. या सलामीवरून दोन्ही शहरांत आजही वाद चालतो. २०१२ साली टॅम्पाच्या नगरपरिषदेने रीतसर ठराव करून आपल्या सँडविचाला शहराचा मानाचा पदार्थ म्हणून जाहीर केले. आपल्याकडे कोल्हापूर आणि पुणे यांच्यात मिसळीवरून जे चालते त्याची येथे आठवण व्हावी.

या कामगारांविषयी एक गोष्ट शिक्षकवर्गाला विशेष रुचेल. चिरूट वळताना हात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात. म्हणून कारखान्यात उंच आसनावर एक वाचक बसे आणि सकाळी वर्तमानपत्रे, नंतर कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवी. त्याचे वेतन मालक देत नसे. कामगार आपसांत वर्गणी काढून देत आणि काय वाचायचे हेही तेच ठरवीत. क्यूबाच्या स्वातंत्र्याचा पुरस्कर्ता होसे मार्ती १८९१ साली टॅम्पाला आला तेव्हा त्याला जो श्रोतृवर्ग लाभला तो अशा वाचनावर पोसलेला होता. हे वाचक कामगारांना बिघडवतात असे मालकांना वाटू लागले आणि १९३१ साली त्यांनी ही प्रथा बंद पाडली. केरळात कण्णूरच्या दिनेश विडी सहकारी संस्थेत, जिची स्थापना १९६९ सालची, विड्या वळताना वर्तमानपत्र मोठ्याने वाचण्याची प्रथा होती. तिचे या वाचकांशी नाते नसेल, पण कुळी एकच. आपल्या सोलापूर-सिन्नरच्या विडी कामगार स्त्रियांच्या वाट्याला असे वाचन आले असते तर, हा विचार मनात आल्याखेरीज राहत नाही. असो.

क्यूबात १९५९ साली क्रांती झाली आणि तेथून बाहेर पडलेल्या लोकांनी मायामीत दुसरे हवाना वसवले. इकडे हवानात काय झाले ते आपल्या डाव्या मित्रांनी आणि त्यांच्या विरोधकांनीही पुन्हा वाचावे. मोठे उद्योग आणि शेतमळे सरकारने आधीच ताब्यात घेतले होते. मार्च १९६८ मध्ये फिडेल कॅस्ट्रो यांनी 'क्रांतिकारी आक्रमण' जाहीर केले आणि पन्नास हजारांहून अधिक छोटे खासगी धंदे एका फटक्यात सरकारजमा झाले. त्यांत कारखाने फारसे नव्हतेच. न्हावी, चांभार, धोबी, दारूचे गुत्ते आणि रस्त्यावर खाद्यपदार्थ विकणारे गाडेवाले होते. भांडवलशाहीचे मूळ उपटायचे म्हणून कोपऱ्यावरचा गाडा उचलला गेला. त्या गाड्याचे काम सरकारी खाते करू शकले नाही, कारण पहाटे पाव आणणे, उरलेले मांस संध्याकाळी काय भावाने काढायचे हे ठरवणे, ओळखीच्या गिऱ्हाइकाला उधार देणे, ही कामे परिपत्रकाने होत नाहीत. सोव्हिएत संघ कोसळल्यावर उपासमारीची वेळ आली, तेव्हा १९९३ साली घरगुती खाणावळींना परवानगी द्यावी लागली. लहान व मध्यम खासगी उद्योगांना कायदेशीर स्थान मिळायला २०२१ साल उजाडले. अमेरिकेने १९६२ सालापासून घातलेल्या व्यापारबंदीने क्यूबाचे नुकसान केले हे खरेच. परंतु सँडविचाचा गाडा काही अमेरिकेने बंद पाडला नव्हता.

एवढे वाचून मुक्त बाजारपेठेचे पुरस्कर्ते सुखावतील. त्यांनी आता न्यूयॉर्कला यावे.

न्यूयॉर्क शहराने १९८३ साली खाद्यपदार्थांच्या फिरत्या गाड्यांच्या परवान्यांवर सुमारे ३,००० ची मर्यादा घातली. पुढे जवळजवळ चार दशके ती मर्यादा मुळात तशीच राहिली. शहर वाढले, देशोदेशींचे लोक आले, गिऱ्हाईक वाढले; परवाने तेवढेच. दोन वर्षांच्या परवान्याची सरकारी फी २०० डॉलरच्या घरात होती. ज्यांच्या हाती परवाने होते त्यांतील अनेकांनी स्वतः गाडी चालवणे केव्हाच सोडले आणि परवाना दुसऱ्याला भाड्याने दिला. चोरट्या बाजारात त्याच दोन वर्षांचा भाव वीस हजार डॉलरांच्या वर गेला. आता वर्गात फळ्यावर करावे तसे साधे गणित करू. दोन वर्षांत गाडी ५०० दिवस उभी राहिली असे धरले, तर वीस हजार भागिले पाचशे म्हणजे दिवसाला चाळीस डॉलर. एका सँडविचामागे, मांस-पाव-गॅस वजा जाता, तीन डॉलर सुटतात असे गृहीत धरू. म्हणजे रोजची पहिली तेरा-चौदा सँडविचे तो विक्रेता स्वतःसाठी विकतच नाही. ज्याने कधी कांदाही चिरला नाही अशा परवानाधारकासाठी विकतो. काही वर्षांपूर्वी भाच्याकडे गेलो असता अशा एका गाडीपाशी दुपारच्या रांगेत मी उभा होतो. सँडविच उत्तम होते. परंतु कागदात गुंडाळलेला तो गरम तुकडा खाताना यातला किती भाग पावाचा आणि किती परवान्याचा, असा प्रश्न पडला. हा आमच्या व्यवसायाचा दोष म्हणावा लागेल.

रिकार्डोने शेतजमिनीच्या खंडाविषयी जे सांगितले ते येथे जसेच्या तसे लागू पडते. खंड द्यावा लागतो म्हणून धान्य महाग होत नाही. धान्य महाग असते म्हणून जमीनदाराला खंड मागता येतो. त्याचप्रमाणे परवान्याचे भाडे जबर म्हणून सँडविच महाग, असे समजणे अर्धवट आहे. गाड्या मोजक्या म्हणून सँडविच महाग, आणि ते महाग म्हणून परवान्याला भाडे. नुसते भाडे बेकायदा ठरवले तर गिऱ्हाइकाचा एक डॉलरही वाचत नाही, पैसा फक्त या खिशातून त्या खिशात जातो. भाव उतरायचा असेल तर परवाने वाढले पाहिजेत. न्यूयॉर्कने २०२१ साली केलेल्या कायद्यात दोन्ही गोष्टी आहेत: दहा वर्षे दरवर्षी ४४५ नवे परवाने, आणि ज्याच्या नावे परवाना त्याने गाडीवर हजर राहण्याची अट. यातील दुसरी अट मला अधिक मोलाची वाटते. अंमलबजावणी संथ आहे अशी विक्रेत्यांची तक्रार आहे, व ती खरी आहे. पण दिशा योग्य आहे.

शिकागोची रीत निराळी. तेथे २०१२ च्या नियमाने गाडीत स्वयंपाक करायला परवानगी मिळाली, पण कोणत्याही उपाहारगृहाच्या २०० फुटांच्या आत गाडी उभी करायची नाही अशी अट पक्की राहिली. गाडी कोठे आहे हे उपग्रहाद्वारे कळवणारे यंत्र बसवणे सक्तीचे. नियम मोडल्यास दंड एक हजार ते दोन हजार डॉलर. दाट वस्तीच्या व्यापारी भागात, जेथे दुपारी कारकून मंडळी जेवायला बाहेर पडतात, तेथे २०० फूट मोकळी जागा सापडणार कोठे? एका गाडीवालीने न्यायालयात दाद मागितली. मे २०१९ मध्ये इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला. उपाहारगृहे मालमत्ता कर भरतात, शहराच्या त्या भागाला स्थैर्य देतात, म्हणून त्यांचे हित जपणे शहराला गैर नाही, असा त्यातील विचार होता. न्यायालयाचा मान राखूनही असे म्हणावेसे वाटते की, हा युक्तिवाद स्पर्धेच्या विरोधात आहे आणि तो करणारे शहर मुक्त अर्थशास्त्राची पंढरी मानल्या गेलेल्या विद्यापीठाचे आहे.

मात्र उपाहारगृहवाल्यांच्या म्हणण्यातला खरा भाग नाकारून चालणार नाही. तो दुकानाचे भाडे भरतो, कर भरतो, स्वच्छतागृह ठेवतो. गाडीवाला त्याच रस्त्याचा उपयोग जवळजवळ फुकट करतो. रस्ता ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिच्या उपयोगाची रास्त किंमत घेतली पाहिजे. प्रश्न ती किंमत कोणाच्या हाती पडते हा आहे. शहराच्या तिजोरीत पडली तर तिचे दिवे, गटारे होतात; परवाना बाळगून घरी बसलेल्याच्या हाती पडली तर तिचे काहीच होत नाही.

आणि येथेच हा विषय आपल्या दाराशी येतो. परवानापद्धतीतून उपजणाऱ्या अशा बिनकष्टाच्या उत्पन्नाविषयी ॲन क्रूगर यांनी १९७४ साली जो गाजलेला निबंध लिहिला, त्यातील प्रमुख उदाहरण भारताचेच होते. १९६४ सालच्या भारतात असे उत्पन्न राष्ट्रीय उत्पन्नाच्या ७.३ टक्के होते असा त्यांचा अंदाज. राजाजींनी ज्याला 'परमिट-लायसन्स राज' म्हटले ते कारखानदारांपुरते १९९१ नंतर बरेचसे ओसरले. वडापावच्या गाडीपर्यंत ते ओसरणे पोचलेच नाही. रस्त्यावर व्यापार करणे हा घटनेच्या १९व्या कलमाखालील हक्क आहे, त्यावर वाजवी बंधने घालता येतील, हे सर्वोच्च न्यायालयाने सोदन सिंग खटल्यात १९८९ साली सांगितले. पथविक्रेत्यांचा कायदा व्हायला २०१४ साल यावे लागले. त्या कायद्याप्रमाणे आधी सर्वेक्षण, मग जागावाटप. सर्वेक्षण पुरे होईपर्यंत कोणाला उठवायचे नाही. आणि नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे. मुंबईत सर्वेक्षण त्याच वर्षी झाले. समितीवरील विक्रेत्यांच्या प्रतिनिधींची निवडणूक झाली ती ऑगस्ट २०२४ मध्ये.

मधल्या दहा वर्षांत गाड्या काही हवेत तरंगत नव्हत्या. त्या रस्त्यावरच होत्या आणि जागेचे भाडेही देत होत्या. फक्त त्याची पावती मिळत नव्हती. न्यूयॉर्कच्या परवान्याला निदान चोरट्या बाजारात एक ठरलेला भाव होता व तो दोन वर्षे टिकत असे. आपल्याकडचा हप्ता आठवड्याचा, आणि तो देऊनही अतिक्रमणाची गाडी आली की शेगडीसकट सारे जप्त. त्यामुळे विक्रेता चांगले भांडे घेत नाही, झाकण असलेली पेटी घेत नाही, पाण्याची सोय करत नाही. उद्या उचलून नेतील त्या वस्तूत पैसा कोण घालील? मग आपण मध्यमवर्गीय त्याच्या अस्वच्छतेवर बोट ठेवतो आणि त्याला हटवण्याची मागणी करतो. गिरण्यांच्या संपानंतर, १९८२ नंतर, किती घरांतील चूल अशा गाड्यांवर पेटत राहिली याची आठवण परळ-लालबागमध्ये अजून आहे.

म्हणून मागणी करायची तर नेमकी करावी. प्रत्येक प्रभाग कार्यालयाच्या फलकावर त्या प्रभागातील विक्रीच्या जागांचे क्रमांक, ती जागा ज्याला दिली त्याचे नाव आणि महिन्याचे शुल्क लिहिलेले असावे. शुल्क महापालिकेने ठरवावे आणि पावतीवर घ्यावे. स्टेशनाजवळच्या जागेला जास्त, गल्लीतल्या जागेला कमी. ज्याचे नाव फलकावर आहे तो किंवा त्याच्या घरचे माणूस गाडीवर नसेल, तर जागा प्रतीक्षायादीतील पुढच्याला द्यावी. कायद्याने प्रभागाच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेते सामावून घेता येतात. तेवढ्या जागा आखल्या आहेत काय, हे आपल्या नगरसेवकाला विचारायला कोणाची परवानगी लागत नाही.