घरबसल्या सुरांचे मोल

नाशिकरोडच्या एखाद्या खोलीत ढोलकीवादक आपला ठेका ध्वनिमुद्रित करतो, पुण्यातील गायिका त्यावर आपला आवाज चढविते, मुंबईत तिसराच कोणी या साऱ्यांची जुळणी करतो. आणि तयार झालेले गीत परदेशातील मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात वाजते. या तिघांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नसते. इंटरनेटच्या साहाय्याने असे संगीत घडविणे २०२० च्या टाळेबंदीपासून सर्रास झाले. त्या वर्षीच्या मे महिन्यात देशातील दोनशेहून अधिक गायकांनी आपापल्या घरी गाऊन एक समूहगीत सिद्ध केले होते. संकटकाळातील ती सोय आता व्यवसायाची नित्याची रीत झाली आहे. तिचे नुसते कौतुक करून भागणार नाही. हा श्रमाचा आणि श्रमाच्या मोबदल्याचाही प्रश्न आहे.

या रीतीचा लाभ प्रथम मान्य केला पाहिजे. नाशिकच्या वादकाला एका गाण्यासाठी मुंबई गाठावी लागे. जाण्यायेण्याचा खर्च, बुडालेला दिवस आणि स्टुडिओच्या दाराशी ताटकळणे त्याच्याच माथी येई. आज एक मायक्रोफोन आणि एक संगणक यांच्या बळावर तो घरातून काम करू शकतो. राजधानीची मक्तेदारी तेवढ्यापुरती ढिली झाली, ही गोष्ट स्वागतार्हच आहे.

तथापि या कामाची घडण नीट समजून घ्यावयास हवी. ध्वनीला दहा मीटर अंतर कापण्यास सेकंदाचे सुमारे तीस सहस्रांश लागतात. साधारणतः याहून अधिक विलंब झाला की दोन वादकांचा ताल एकमेकांपासून सुटू लागतो. नाशिक ते न्यू जर्सी हे अंतर बारा हजार किलोमीटरांहून अधिक आहे. काचतंतूतून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने धावणाऱ्या प्रकाशालाही तेथे पोहोचावयास साठ सहस्रांश लागणारच. म्हणून दूरदेशीचे कलावंत सहसा एकाच वेळी वाजवीत नाहीत. प्रत्येक जण कानात ठोका ऐकत आपला सुटा थर भरतो आणि पाठवून देतो. सारे थर ज्याच्या हाती जमा होतात, गीत त्याचे होते. बाकीचे केवळ पुरवठादार ठरतात.

हे चित्र नाशिक जिल्ह्याला अपरिचित नाही. सिन्नरच्या विडी कामगार स्त्रिया पान-तंबाखू घरी नेत, विड्या वळून परत आणीत, आणि छाट किती काढावयाची हे घेणारा ठरवी. जागा, दिवाबत्ती, घरच्यांची मदत हे सारे कामगाराचे. माल मात्र दुसऱ्याचा. घरात बसून काम करणारी स्त्रीही कामगारच आहे, हे १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने मान्य केले. आज घरी ध्वनिमुद्रण करणाऱ्या वादकाची स्थिती तीच आहे. यंत्र त्याचे, वीज त्याची. 'पसंत नाही, पुन्हा पाठवा' म्हणून तिसऱ्यांदा केलेले काम फुकटचे. कायद्याने त्याचे काय होते?

१९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ साली मोठी दुरुस्ती झाली. गीतकार व संगीतकार यांचा स्वामित्वधनातील वाटा सहजी काढून घेता येणार नाही अशी तरतूद झाली. गायक-वादकांच्या कलेचा व्यापारी उपयोग झाल्यास त्यांनाही स्वामित्वधन मिळण्याचा हक्क मिळाला. हक्काचे हस्तांतरण लेखीच असावे लागते, आणि मुदत नमूद नसेल तर ते पाच वर्षांपुरतेच धरले जाते. परंतु याच कायद्यात एक फट आहे. चित्रपटात ज्याचे काम किरकोळ मानले जाते आणि धंद्याच्या प्रथेप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत येत नाही, त्याला कलावंत गणले जात नाही; कलेच्या विद्रूपीकरणाविरुद्ध दाद मागण्याचा अधिकार तेवढा त्याला उरतो. म्हणजे नाव छापणे ही केवळ सौजन्याची बाब नव्हे. नावावर हक्क अवलंबून आहे.

हक्क कागदावर असून तो पदरात का पडत नाही? एकटेपणामुळे. याच सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांची गीते गावोगावच्या गायनपार्ट्यांनी महाराष्ट्रभर नेली. पार्टीत बिदागी किती आली हे पेटीवाल्याला कळे तसे कोरसवाल्यालाही कळे; वाटणीवरून भांडणे झाली तरी ती समोरासमोर होत. आज ढोलकीवाल्याला गायिकेचे मानधन ठाऊक नसते, गायिकेला ढोलकीवाल्याचे नावही ठाऊक नसते. ज्यांची भेटच होत नाही त्यांची संघटना कशी व्हावी?

म्हणूनच ती हेतुपुरस्सर करावी लागेल. थर पाठविण्यापूर्वी मोबदला, फेरकामाचा दर, नाव आणि पुढील वाटा यांचा एक पानी लेखी करार, एवढी मागणी नाशिकच्या वादकांनी एकमुखाने करावी. कार्यकर्त्यांनी त्यांना एकत्र आणून सोप्या मराठीत करारनाम्याचा मसुदा हाती द्यावा. ग्रंथ विकत घेणे परवडत नसलेल्यांसाठी नाशकात १८४० साली सार्वजनिक वाचनालय उभे राहिले. त्याच न्यायाने महापालिकेच्या कालिदास कलामंदिरात अल्प दराची सार्वजनिक ध्वनिमुद्रण खोली का असू नये? तेथे कलावंत एकमेकांना भेटतील, हा लाभ यंत्रसामग्रीहूनही मोठा ठरेल.

आणि आरंभ आपल्या अंगणातून व्हावा. मोर्च्याची, प्रचाराची गीतेही आज अशाच सुट्या थरांतून तयार होतात. 'चळवळीचे काम' म्हणून वादकाचे नाव गाळणे आणि मानधन बुडविणे चळवळीला शोभत नाही. श्रमाला दाम मागणाऱ्यांच्या गाण्यातील ढोलकीचेही दाम चुकते झालेले असले पाहिजेत.