सकुरानं वाट का पाहावी?

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर आता मोबाइल पोचला आहे. रेंज मिळेल त्या टेकाडावर बसून मुलं-मुली ज्या कार्टून मालिका बघतात, त्यांत हिंदी बोलणारे जपानी साहसवीरही असतात. त्यांच्या मूळ गोष्टी 'मांगा'च्या, म्हणजे जपानी चित्रकथांच्या. त्यांतली एक फार गाजलेली म्हणजे 'नारुतो'. मासाशी किशिमोतो यांनी ती १९९९ ते २०१४ अशी पंधरा वर्षं एका साप्ताहिकात चालवली. तिचे ७२ खंड झाले.

आपल्यातल्या काही जणी म्हणतील, कुपोषण आहे, वीटभट्ट्या आहेत, हंडा घेऊन दरीत उतरणं आहे, ते सोडून हे कार्टूनचं काय काढलंत? पण प्रेम म्हणजे काय, पुरुषाचं काय सोसायचं आणि किती, हे चौदा वर्षांची मुलगी आपल्या शिबिरात शिकत नाही. ते ती गोष्टींतून उचलते. म्हणून त्या गोष्टींतली नाती पटण्याजोगी आहेत का, हा प्रश्न आपलाही आहे.

जादू, राक्षस, पाण्यावर चालणारे निंजा यांना माझी हरकत नाही. ज्या मुलखात बोहाडा होतो तिथं ती कोण घेईल? मशालींच्या उजेडात, संबळाच्या तालावर मुखवटा घातलेला राक्षस नाचत येतो. मुखवट्याआडचा माणूस शेजारच्या शेतात राबणारा आहे हे सगळ्यांना माहीत असतं, तरी पोरं आईच्या पदराआड लपतात. (देवीचं सोंगही परंपरेनं पुरुषच घेत आले. त्यावर वेगळं लिहायलाच हवं.) मुखवटा माणसांना पटतो. माणसं एकमेकांशी खोटं वागली की मात्र पटत नाही.

'नारुतो'त तिघं एकत्र निंजा व्हायला शिकतात. नारुतो अनाथ आणि गावानं वाळीत टाकल्यासारखा. सासुके, ज्याच्या थोरल्या भावानं सगळं कूळ कापून काढलं. आणि सकुरा. दोन मुलग्यांची मैत्री लेखकानं जीव ओतून रंगवली आहे. दोघंही पोरके. दोघांत चढाओढ, मत्सर, एकमेकांसाठी घाव झेलणं. सासुके सूडापायी गाव सोडतो आणि नारुतो वर्षानुवर्षं त्याच्यामागे धावतो. अखेरच्या झुंजीत दोघंही एकेक हात गमावतात. ही मैत्री पटते, कारण तिची किंमत दोघांनी मोजलेली आपण पाहिलेली असते.

सकुराचं काय? तिचं सासुकेवर प्रेम आहे असं सुरुवातीपासून सांगितलं जातं. का आहे, ते धडपणे कळत नाही. तो तिला कटकट समजतो. तो गाव सोडून निघतो त्या रात्री ती रडून विनवते, तेव्हा तो आभार मानून तिला बेशुद्ध पाडतो. पुढं तर तिला ठार करायला निघतो. मधल्या काळात ती त्सुनादे या बाईच्या हाताखाली शिकून नावाजलेली वैद्य होते, एका ठोशात जमीन फोडते. मला विचाराल तर तिच्या आयुष्यातलं खरं वाटणारं नातं हेच, गुरू-शिष्येचं. पण सातशेव्या, म्हणजे शेवटच्या प्रकरणात ती सासुकेची बायको आहे, एका मुलीची आई आहे, आणि तो घरी नाही. मधे त्यानं एकदा माफी मागितली, तेवढ्यावर सगळं भागलं! २०१५ साली आलेल्या पुढच्या कथेत मुलगी सारादा बापाला भेटते, तर तो तिला ओळखत नाही, तलवार उपसतो.

घराबाहेर असलेला माणूस आपल्याकडे नवा नाही. दिवाळी सरली की जव्हार-मोखाड्यातली कुटुंबंच्या कुटुंबं भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर निघतात. भट्टीवर नवरा-बायको दोघं राबतात. उचल मात्र बहुधा त्याच्या नावावर, आणि हजार विटांमागचा हिशेबही त्याच्याशीच. तिथं नातं दिसतं ते कामात. चिखल कोणी तुडवला, तापानं फणफणलेलं मूल कोणी घेतलं, उचलीचे पैसे कुठं गेले.

आणि लग्नाचं म्हणाल, तर इथल्या वारली, कोकणा समाजांत कितीतरी जोडपी आधी संसार मांडतात. खर्चाची सोय झाली की मग, कधी पोरं झाल्यावर, लग्न लावतात. सामूहिक विवाहात आई-बापाच्या लग्नाला त्यांचीच लेकरं हजर असतात. शहरातून आलेल्यांना त्याचं हसू येतं. मला त्यात एक सरळपणा दिसतो. नातं आधीच उभं असतं, विधी मागाहून येतो. सकुराच्या बाबतीत लग्न आहे, मूल आहे. नातं तेवढं वाचकानं पदरचं घालायचं.

आदिवासी बाई मोकळी आहे असं गोड चित्र मला काढायचं नाही. दारू, मार, भुताळी ठरवून छळणं, सगळं इथं आहे. लग्न लांबतं त्यामागेही गरिबीच असते. ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यानं लग्नासाठी जमीनदाराचं कर्ज काढायचं आणि जोडप्यानं त्याच्याकडे 'लग्नगडी' म्हणून राबत राहायचं, अशी रीत होती. १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या साथीनं वारल्यांनी उठाव केला तो वेठीविरुद्ध आणि या लग्नगडी पद्धतीविरुद्ध. तरीही मारणाऱ्या, न पोसणाऱ्या नवऱ्याला सोडून दुसरं घर करणाऱ्या बाया इथं आहेत. सकुराला तो विचार शिवतसुद्धा नाही, आणि गोष्ट याला निष्ठा म्हणते. मारणाऱ्याच्या मनात प्रेमच असतं, हे वाक्य आपण सल्ला केंद्रात किती जणींच्या तोंडून ऐकलं आहे!

साहसकथेत असंच असायचं, असं मात्र नाही. हिरोमू अराकावा ही होक्काइदोतल्या दूधधंद्याच्या शेतावर वाढलेली बाई. पुरुषी वाटेल असं टोपणनाव घेऊन तिनं २००१ ते २०१० या काळात 'फुलमेटल अल्केमिस्ट' काढली. त्यातल्या एडवर्डचा एक हात, एक पाय यंत्राचा आहे आणि तो विन्री बनवते, दुरुस्त करते. ती मजुरी घेते. त्यानं काम मोडून आणलं की संतापते. शेवटी तो रेल्वे फलाटावर आपलं अर्धं आयुष्य देऊ करतो, तेव्हा ती सगळं द्यायला निघते, मग घासाघीस करून पंच्याऐंशी टक्क्यांवर येते. इथं प्रेमाची मोठी भाषणं नाहीत, पण ते जोडपं पटतं, कारण त्यांच्यामध्ये कष्टाचा आणि देण्याघेण्याचा हिशेब आहे.

ही खोड एकट्या जपान्यांची नव्हे. आमच्या पिढीनं इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ वाचला. तो १९३६ सालचा, आणि डायनाशी त्याचं लग्न लागलं १९७७ मध्ये. शिवाय रानातले लोक एका मुखवटेवाल्या गोऱ्याला पिढ्यान् पिढ्या भजतात! जव्हारच्या रानातल्या माणसाला विचारा, बाहेरून आलेला सावकार, ठेकेदार, फॉरेस्टवाला त्यानं कधी असा डोक्यावर घेतला होता का.

मुलींच्या हातून मोबाइल काढून घेऊ नये. किशोरी शिबिरात एक दुपार सकुरा आणि विन्री यांना शेजारी-शेजारी बसवावं आणि त्यांच्या संसाराविषयी मुलींना बोलू द्यावं. पाड्यावरच्या, भट्टीहून परतलेल्या दोघी-तिघींनाही बोलवावं. त्यांना निंजा कळले नाहीत तरी चालेल. सकुराला त्या पहिल्यांदा हेच विचारतील की, बाई, एवढी वर्षं तो बाहेर होता, तर घरी पैसे किती धाडले आणि कोणाच्या हाती दिले?