दिवाळीचा घोडा आणि आमचा धोबी



कोजागिरी झाली की बडोद्याची हवा बदलते. दुपारचं ऊन अजून भाजतं, पण सकाळी लवकर कमाटीबागेत गेलं तर अंगावर काहीतरी हवंसं वाटतं. गेल्या रविवारी सहावीतल्या नातीला घेऊन गेलो होतो. शाळेचा गृहपाठ होता : बागेतले पाच पक्षी बघा, नावं लिहा.

काळ्या घोड्याजवळून आत शिरलो. एका झाडाच्या शेंड्यावर तांबट ऊन खात बसला होता. कुंपणाच्या झुडपात शेपटी उभारून शिंप्याची चिवचिव चालली होती. दयाळ दिसला, पोपटांचा थवा ओरडत गेला. आणि हिरवळीवर, शेपटी सारखी वरखाली हलवत तुरुतुरु पळणारा करडा-पांढरा पक्षी. मी म्हटलं, "अगं, धोबी आला बघ!" तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठंय आबा? इथे धोबी कशाला येईल?"

मोबाईलमध्ये बघून तिनं वहीत लिहिलं, व्हाइट वॅगटेल. पाचही नावं इंग्रजी. चूक काहीच नाही, शाळेत तेच चालतं. पण मला जरा लागलं, खोटं कशाला बोलू?

जवळ पानं झाडणारे माळीकाका होते. ते हसून म्हणाले, "आ तो दिवाळीघोडो. ए आव्यो एटले दिवाळी आवी." नात एकदम खूश! बाहेर काळा घोडा, आत दिवाळीघोडा. घरी जाईपर्यंत तेच चाललं होतं.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट घोळतेय. हा पक्षी उन्हाळ्यात उत्तरेकडच्या थंड मुलखात वीण करतो आणि पावसाळा सरला की आपल्याकडे उतरतो. गुजराती माणसानं त्याच्या येण्याची वेळ धरून नाव ठेवलं. मराठी माणसानं पाण्याकाठचा त्याचा वावर आणि शेपटीची आपट पाहिली असावी, म्हणून धोबी, परीट. एकाच पक्ष्याकडे दोन गावांनी दोन बाजूंनी पाहिलं. तांबटाचंही तसंच. उन्हाळ्यात तो टुक् टुक् करतो, ते आपल्याला तांब्यावरचे ठोके वाटले, गुजरातीत तो कंसारो, म्हणजे कासार. शिंपी तिकडे दरजीडो. आणि सुगरण ती सुघरी, थिरथिरा तो थरथरो, ही तर सख्खी भावंडंच.

आपण पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलो. म्हणजे ही दोन्ही नावं आपली. पुण्याच्या माणसाला दिवाळीघोडो माहीत असायचं कारण नाही, आपल्याला आहे. आणि नेमकी आपलीच मुलं दोन्हीकडून कोरी चालली आहेत.

मराठी टिकवायची म्हटलं की आपल्याला गणेशोत्सव, नाटक, दिवाळी अंक आठवतात. ते हवंच. पण भाषा स्टेजवर टिकत नाही मंडळी, ती "ते बघ काय आहे" म्हणताना टिकते. ते आपण घरात म्हणायचं सोडलं. दोष शाळेचा नाही, माझ्यासारख्या आजोबांचा आहे. इतकी वर्षं बागेत चकरा मारल्या, पण गप्पा पेन्शनच्या आणि गुडघ्यांच्या.

कोणी म्हणेल, नावं काय करायचीत, आधी पक्षी वाचवा. बरोबर आहे. पण ज्याला नावानं ओळखतो तोच आला नाही तर चुकल्यासारखं वाटतं. ज्या मुलाला दिवाळीघोडो ठाऊक आहे, ते दिवाळीला विचारेल, "यंदा का नाही आला?" हा प्रश्न विचारणारं कोणी उरलं नाही, तर बागेची हिरवळ फरसबंदीखाली गेली तरी कळायचं नाही.

इंग्रजी नाव काढून टाका असं मी म्हणत नाही. जगाशी बोलायला ते लागतंच. सयाजीराव महाराजांनी १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' काढला, त्यात कारभारातल्या शब्दांना अनेक भाषांतले शब्द शेजारी शेजारी मांडले. इंग्रजीही होती, मराठी-गुजरातीही. राज्यकारभाराला जे जमलं, ते एका वहीला जमू नये?

आम्ही नातीच्या वहीत तीन रकाने आखले. मराठी, गुजराती, इंग्रजी. मराठीसाठी मारुती चितमपल्लींचा 'पक्षिकोश' काढला, गुजरातीसाठी माळीकाका आहेतच. पोपट तिन्ही रकान्यांत भरल्यावर ती म्हणाली, "आबा, मराठी-गुजरातीत हा एकच आहे, मग एकदाच लिहू?" मी म्हटलं, दोनदा लिही. दोन्ही घरं आपलीच.

दिवाळीच्या सुट्टीत नातवंडं येतील. फराळाआधी एक सकाळ त्यांना जवळच्या बागेत न्या. दुर्बीण नसली तरी चालेल. आणि इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबादच्या मंडळींनो, तुमच्याकडे धोब्याला शेजारी काय म्हणतात ते जरूर कळवा. वहीत चौथा रकाना आखायला जागा आहे.