वाघ दिसला नाही? मग झाडं बघा!

दोस्तांनो, बोरला जाऊन आलेल्या मित्राला आपण पहिला प्रश्न काय विचारतो? 'वाघ दिसला का?' नाही म्हटलं की सफारी वाया! बोर धरणालगतचं आपलं हे जंगल १९७० मध्ये अभयारण्य झालं, २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प. गाभा क्षेत्र जेमतेम १३८ चौरस किलोमीटर. पण सागाच्या सावलीत पावसाळ्यात जे उगवतं, ते आपल्याला दिसतच नाही. कारण नेमकी तेव्हाच सफारी बंद असते.

ती बंदच असावी. रानातली कळलावी किंवा सफेद मुसळी घ्या. उन्हाळाभर जमिनीखाली दडून राहायचं, पाऊस पडला की कोंब, मग फूल, मग बी. तेवढ्यात कुणी मुळासकट उपटलं, तर बी गेलं आणि पुढच्या वर्षीचं झाडही. औषधासाठी खणून खणूनच मुसळी विरळ झाली.

अभयारण्यात विनापरवाना झाड उपटणं गुन्हा आहे, हे आपल्याला माहीत असतं. पण हद्दीबाहेरच्या माळावर, नाल्याकाठी? तिथे हर्बेरियम शीटसाठी आपण बिनधास्त ओढतो. वर्गात चाळीस जण, म्हणजे चाळीस झाडं! तरोटा हवा तेवढा उपटा ना. दुर्मीळ झाड दिसलं तर मात्र फोटो काढा आणि प्रॅक्टिकलला सरांना, मॅडमना सरळ विचारा, 'फोटो चालेल का?' सगळ्या वर्गानं मिळून विचारलं, तर नाही म्हणणं अवघड जाईल. आणि हो, त्या जागेचं लोकेशन इन्स्टावर टाकू नका!