अलगूजही ऐकू या

अण्णा भाऊ साठे म्हटले की आपण 'फकिरा' या बंडाच्या कादंबरीपाशीच थांबतो. पण १९७४ साली, त्यांच्या निधनानंतर पाच वर्षांनी, पडद्यावर आलेला 'अशी ही साताऱ्याची तऱ्हा' त्यांच्या 'अलगूज' या प्रेमकादंबरीवर बेतला होता. नावातला सातारा लेखकाचाही: ते वाटेगावचे, १९२० साली त्यांचा जन्म झाला तेव्हा हे गाव सातारा जिल्ह्यात होतं, आज सांगलीत आहे. करमणुकीच्या सिनेमात कादंबरीतलं दुःख पातळ होतं, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो काही अंशी खराही आहे, गल्ल्याचं गणित कुणाला सुटलंय! पण अण्णा भाऊंच्या कथांतल्या वारणा नदीकाठच्या गरिबांनी फक्त लढावं, त्यांनी रुसू-हसू नये, जीव लावू नये, असं मानणं हा त्याहून मोठा अन्याय आहे. अण्णा भाऊंनी तो केला नाही. म्हणूनच या अंकात त्यांच्या बंडाइतकीच त्यांची प्रेमकथाही आम्ही आस्थेनं वाचली आहे.