तावदानामागची माणसे

सॅन फ्रान्सिस्को शहरात मार्केट आणि कॅस्ट्रो हे रस्ते जेथे मिळतात, त्या कोपऱ्यावर ‘ट्विन पीक्स टॅव्हर्न’ हे लहानसे मद्यालय आहे. १९७२ साली दोन मैत्रिणींनी ते विकत घेतले आणि दर्शनी भागाला मोठी पारदर्शक तावदाने ठेवली. आत बसलेली समलिंगी माणसे रस्त्यावरून दिसू लागली. समलिंगी संबंध हा त्या वेळी कॅलिफोर्नियात गुन्हा होता; तो कायदा बदलण्यास १९७५ साल उजाडावे लागले. तोवर अशा मद्यालयांच्या खिडक्या काळ्या रंगवलेल्या वा झाकलेल्या असत. हा अंधार गिऱ्हाइकांच्या आवडीचा नव्हता, धाडींच्या भयाचा होता.

वास्तविक, समलिंगी माणसे जमतात एवढ्याच कारणावरून मद्यालयाचा परवाना रोखता येणार नाही, असा निर्णय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने याच शहरातील ‘ब्लॅक कॅट’च्या प्रकरणात १९५१ सालीच दिला होता. विधिमंडळाने १९५५ साली नवा कायदा करून त्यावर मात करू पाहिली. १९५९ साली न्यायालयाने तोही रद्द ठरविला. तरीही १९६३ साली ‘ब्लॅक कॅट’चा परवाना गेलाच! न्यायालयाचा निकाल एक सांगत होता आणि पोलिसांचा दंडुका दुसरेच. त्याच मद्यालयात गाणारे होजे सारिया १९६१ साली उघडपणे समलिंगी म्हणून शहराच्या निवडणुकीस उभे राहिले, हरले. परंतु पाच हजारांवर मते घेऊन गेले.

दारूच्या दुकानाचे एवढे कौतुक कशासाठी, असे एखादा सात्त्विक वाचक विचारील. प्रश्न अगदीच अस्थानी नाही. पण ज्यांना चर्चमध्ये, कचेरीत आणि पुष्कळदा स्वतःच्या घरातही खरे बोलण्याची सोय नव्हती, त्यांनी भेटावे कोठे? आपल्याकडे गावाला पार असतो. त्यांना तेवढा एक गुत्ता होता.

कॅस्ट्रो ही मूळची आयरिश कामकऱ्यांची वस्ती. ती कुटुंबे उपनगरांत गेली, घरे स्वस्त झाली आणि हे नवे रहिवासी आले. हार्वे मिल्क यांनी १९७३ साली याच रस्त्यावर कॅमेऱ्यांचे दुकान थाटले. १९७७ साली ते नगरमंडळावर निवडून आले आणि पुढच्याच वर्षी त्यांची हत्या झाली. मारेकऱ्याला सौम्य शिक्षा होताच, २१ मे १९७९ रोजी शहरात दंगल उसळली. त्या रात्री पोलिसांनी याच रस्त्यावरील ‘एलिफंट वॉक’ मद्यालयात घुसून गिऱ्हाइकांना झोडपले. मग १९८१ पासून एड्सने वस्तीतील तरुण पिढीच कापून काढली.

‘ट्विन पीक्स’ २००३ साली तेथल्याच नोकरांनी विकत घेतले आणि २०१३ साली शहराने त्यास वारसावास्तूचा दर्जा दिला. वयस्क गिऱ्हाइकांवरून तरुण मंडळी त्यास ‘काचेची शवपेटी’ म्हणत आली आहेत. थट्टा झोंबणारी खरी. परंतु त्या काचेमागे म्हातारे होण्याइतके आयुष्य त्यांच्या कितीतरी सोबत्यांना लाभले नाही.